निनवेची तुळई

एकाने दुसऱ्याची तुळई चोरली आणि स्वतःचं घर बांधताना ती छपराखाली घालून टाकली. भिंती उभ्या राहिल्या, वर माळा चढला, घरात पोरंबाळं नांदू लागली. पुढे कधीतरी त्याला पस्तावा झाला. आता त्याने काय करायचं?

यहुदी धर्मशास्त्रात हा प्रश्न असाच, तुळईसकट, विचारला आहे. शम्मायच्या पंथाचं म्हणणं असं की घर उतरवावं आणि तीच तुळई मालकाच्या हवाली करावी. हिल्लेलच्या पंथाचं म्हणणं, तुळईची किंमत चुकती करावी, तेवढं पुरे. निकाल हिल्लेलच्या बाजूने लागला, आणि त्यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे. घर पाडण्याची अट घातली तर कोण कशाला कबुली द्यायला येईल? इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी कायदेग्रंथात ही सवलत परत फिरू पाहणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली तरतूद म्हणूनच नोंदलेली आहे.

पुढे तिसऱ्या शतकात बाबिलोनियातले गुरू शमुवेल अश्शूरी साम्राज्यातल्या निनवे शहराबद्दल बोलताना हीच तुळई पुन्हा काढतात. योना या संदेष्ट्याची, म्हणजे देवाचा निरोप लोकांपर्यंत पोचवणाऱ्याची, हाक ऐकून निनवेच्या लोकांनी ‘आपल्या हातातला जुलूम’ सोडला, असं बायबलमधल्या योनाच्या पुस्तकात म्हटलं आहे. सोडला म्हणजे नक्की केलं काय? शमुवेल सांगतात, चोरीची तुळई वापरून ज्याने वाडा बांधला होता त्याने वाडा जमीनदोस्त केला आणि तुळई परत केली. म्हणजे कायद्याने जेवढं मागितलं असतं त्याच्याही पुढे ही परकी, मूर्तिपूजक माणसं गेली.

त्याच सुमाराचे गालीलातले गुरू मात्र एवढे उदार नाहीत. रेश लाकीश यांनी निनवेचा पश्चात्ताप ही निव्वळ फसवेगिरी होती असं सांगून टाकलं. तिथल्या लोकांनी म्हणे वासरं आत कोंडली, गायी बाहेर बांधल्या, दोन्हीकडून हंबरडा सुरू झाला, आणि मग देवाला सुनावलं की तू आमच्यावर दया केली नाहीस तर आम्हीही यांच्यावर करणार नाही. योहानान यांचा शेरा तर याहून बोचरा आहे. मुठीत होतं तेवढं त्यांनी परत केलं. पेटीत, फडताळात आणि कोठीत होतं ते तसंच ठेवलं.

एकाच गावाबद्दलची ही दोन टोकाची मतं आहेत. पण कोण किती रडलं हे दोन्हीकडचं कुणीच विचारत नाही. परत काय दिलं आणि दाबून काय ठेवलं, एवढाच तपास चालला आहे. हिब्रू संदेष्ट्यांचं पश्चात्तापाबद्दलचं बोलणं वाचायचं तर ही नजर हवी. अनुताप म्हटलं की आपल्याला आधी डोळ्यांतलं पाणी आठवतं. संदेष्टे आधी हात तपासतात.

योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, जेमतेम अठ्ठेचाळीस वचनांचं आहे. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो मासा, आणि तो मोजक्या दोन-तीन वाक्यांपुरता येतो. खरा मामला आहे तो गावाचा. देव योनाला निनवेला जायला सांगतो. योना याफोच्या बंदरावर तार्शीशला निघालेलं गलबत गाठून भाडं भरतो आणि उलट्या दिशेने पळतो. वादळ, समुद्र, मासा, हे सगळं होऊन तो अखेर निनवेत पोचतो तेव्हा त्याचं प्रवचन हिब्रूत फक्त पाच शब्दांचं आहे: आणखी चाळीस दिवस, की निनवे उलथली. (जुन्या ग्रीक भाषांतरात मुदत तीनच दिवसांची आहे.) त्यात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. पापांची यादी नाही, उपाय नाही, देवाचं नावसुद्धा नाही. एवढं तुटपुंजं प्रवचन करणारा संदेष्टा दुसरा नसेल, आणि एवढं यशही दुसऱ्या कुणाच्या पदरात पडलेलं नाही.

निनवे हे नाव पहिल्या श्रोत्यांच्या कानांवर कसं पडत असेल ते समजून घेतलं नाही तर ही गोष्ट लहान मुलांची होऊन बसते. तैग्रिस नदीकाठी, आजच्या इराकमधल्या मोसुलला लागून हे शहर होतं. अश्शूरी साम्राज्याने इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन घेतलं आणि उत्तरेकडचं इस्राएल राज्य नकाशावरून पुसून टाकलं. पुढे ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने दक्षिणेकडच्या यहूदा राज्यावर स्वारी केली, तिथलं लाखीश शहर पाडलं आणि तो विजय निनवेच्या आपल्या राजवाड्यात दगडी पाट्यांवर कोरून घेतला. त्या पाट्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेली माणसं, जमिनीला ताणून बांधून कातडी सोलले जाणारे कैदी, बैलगाडीवर बोचकी लादून निघालेल्या बायका आणि मुलं, सगळं बारकाईने कोरलेलं आहे. योना बिन अमित्तय हा संदेष्टा इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याच्या काळातला, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला. पण त्याच्या नावाचं पुस्तक बहुतेक अभ्यासकांच्या मते बाबेलच्या, म्हणजे बाबिलोनियातल्या, बंदिवासानंतर लिहिलं गेलं. म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना अश्शूरने उखडलं होतं त्यांना लेखक सांगतोय, त्या गावाने पश्चात्ताप केला आणि देवाने तो मान्य केला.

आणि केला तोही पद्धतशीर. आधी जनता उपासाला बसते, राजाला बातमी नंतर कळते. तो सिंहासनावरून उठतो, झगा उतरवतो, गोणपाट गुंडाळतो, राखेत बसतो. मग फर्मान निघतं: माणूस असो, गुरं असोत, शेळ्यामेंढ्या असोत, कुणी अन्नाला तोंड लावायचं नाही, पाणी प्यायचं नाही, सगळ्यांनी गोणपाट पांघरायचं. गोणपाट पांघरलेल्या म्हशीचं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर लेखकाला हसू फुटत होतं हे कळतं, पण त्याच फर्मानाच्या शेवटी हातातला जुलूम सोडण्याचं कलम आहे आणि तिथे तो हसत नाही. शेवटी राजा म्हणतो, ‘कोण जाणे, कदाचित देव माघार घेईल.’ हे ‘कोण जाणे’ ध्यानात ठेवावं. देवाला उपासाची पावती दाखवून दया वसूल करता येईल असं राजा मानत नाही.

वसुलीचा हाच हिशेब इस्राएलमध्ये मात्र पुनःपुन्हा मांडला गेला, आणि संदेष्ट्यांचा सगळ्यात जास्त संताप त्यावर आहे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाची सुरुवात किती सुंदर आहे: चला, परमेश्वराकडे परत जाऊ, त्याने फाडलं, तोच बरं करील, दोन दिवसांनी तो आपल्याला जिवंत करील, तिसऱ्या दिवशी उठवील. प्रार्थना म्हणून ही वचनं आजही म्हटली जातात. पण लगेच येणारं देवाचं उत्तर पाहावं. तुमचं प्रेम सकाळच्या ढगासारखं, लवकर उडून जाणाऱ्या दहिवरासारखं, असं तो म्हणतो. चुकलं काय? या प्रार्थनेत जखमेचा उल्लेख आहे, वैद्याचा आहे, बरं होण्याची मुदतही ठरवून टाकली आहे. अपराधाचा मात्र एक शब्द नाही. मला यज्ञ नको, दया-निष्ठा हवी, हे होशेयाचं प्रसिद्ध वचन याच उत्तरात येतं. यशयाचा पहिला अध्याय तर आणखी थेट आहे. तुम्ही प्रार्थनेला हात पसरता तेव्हा मी डोळे झाकून घेतो, कारण त्या हातांना रक्त लागलंय. धुवा, दुष्टाई थांबवा, चांगलं करायला शिका, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. ही सगळी क्रियापदं संपल्यावर मग, आणि मगच, किरमिजी पापं बर्फासारखी पांढरी होण्याचं वचन येतं. लोक वचन पाठ करतात आणि क्रियापदं गाळतात, हा रोग जुनाच आहे.

पण या सगळ्यांत मला सगळ्यात जवळून दाखवलेला प्रसंग वाटतो तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या चौतिसाव्या अध्यायातला. कथा-कीर्तनांत तो फारसा येत नाही, कदाचित त्यात चमत्कार नाही म्हणून. यरुशलेमेला बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या फौजेचा वेढा पडला आहे. सिद्कीया हा यहूदाचा शेवटचा राजा गादीवर आहे. कर्जापायी गुलाम झालेल्या इब्री (हिब्रू) माणसाला सहा वर्षं राबल्यावर सातव्या वर्षी सोडलंच पाहिजे, असा जुना कायदा होता आणि तो पिढ्यानपिढ्या धाब्यावर बसवलेला होता. वेढ्यात राजाला तो आठवला. त्याने सगळ्या मालकांना मंदिरात जमवून करार करवला. वासरू उभं चिरून दोन भाग समोरासमोर ठेवले आणि सरदार, दरबारी, याजक, गावातले बडे लोक त्यांच्या मधून चालत गेले. अर्थ असा की शब्द मोडला तर आमची गत या वासरासारखी होवो. गुलाम आणि दासी खरोखर मोकळे झाले. कागदोपत्री नव्हे, खरोखर. यिर्मया स्वतः कबूल करतो की या वेळी तुम्ही माझ्या दृष्टीने योग्य तेच केलं, असं देव म्हणाला.

मग मिसरच्या फारोची फौज निघाल्याची बातमी आली. बाबेलवाल्यांनी वेढा उठवला. रस्ते खुले झाले, आणि मालकांनी जाऊन त्याच माणसांना, त्याच बायांना धरून परत कामाला जुंपलं.

इथे वाकडी शंका घ्यायला जागा आहे. वेढ्यात गुलाम म्हणजे खाणारं आणखी एक तोंड. त्याला मोकळं केलं की त्याच्या भाकरीची जबाबदारी संपते, आणि वर तटावर लढायला माणूस मिळतो. म्हणजे पुण्याचं काम आणि पदरचा फायदा एकाच दिवशी जमून आले होते. तरीही संदेष्टा त्या पहिल्या कृतीला खोटं म्हणत नाही. भीतीपोटी केलेली सुटकाही सुटकाच. सुटलेल्या दासीला मालकाच्या हेतूशी काय देणंघेणं? गुन्हा दुसऱ्या दिवशीचा आहे. देवाचा निकालही त्याच भाषेत येतो: तुम्ही भावाला मोकळं केलं नाहीत, तर मी तुम्हाला मोकळं करतो, तलवारीला, मरीला आणि दुष्काळाला. वासराच्या दोन भागांमधून चाललेल्यांची नावनिशीवार वर्गवारी पुन्हा वाचली जाते. फौज परत आली. इसवी सनापूर्वी ५८७-५८६ च्या सुमारास शहर पडलं आणि मंदिर जळालं.

यिर्मयाच्याच पुस्तकातला यहूदाचा राजा यहोयाकीम निनवेच्या राजाशेजारी उभा करून पाहावा. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. यिर्मयाने सांगितलेली आणि त्याचा लेखनिक बारूख याने लिहून घेतलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवतात. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुढचे तीन-चार, परत काप, परत आग. तिघं दरबारी नको म्हणतात, तो ऐकत नाही. कुणी कपडे फाडत नाही, कुणी घाबरत नाही, हे लेखक मुद्दाम नोंदवतो. ती गुंडाळी लिहिण्यामागचा हेतूही आधी सांगून झालेला आहे: कदाचित ते ऐकतील, परत फिरतील, आणि मी क्षमा करीन. अश्शूरचा राजा पाच शब्दांवर राखेत बसला. दावीदाच्या गादीवरच्याने अख्खं पुस्तक जाळलं. यिर्मयाने बारूखाकडून ते पुन्हा लिहून घेतलं आणि त्यात भरही घातली.

या ‘कदाचित’मुळे भविष्यवाणी ही चीजच वेगळी होऊन जाते. यिर्मया कुंभाराच्या घरी जातो, चाकावर बिघडलेलं भांडं कुंभार त्याच मातीतून दुसरं घडवताना पाहतो, आणि नियम असा निघतो: एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं मी म्हणालो आणि ते राष्ट्र वळलं, तर मी माझा बेत बदलतो, बांधीन म्हणालो आणि ते बिघडलं, तरीही बदलतो. म्हणजे ज्योतिषाचं भाकीत खरं ठरलं तर ज्योतिषी जिंकतो, आणि संदेष्ट्याची धमकी खरी ठरली तर तो हरला. पुढे यिर्मयावर देहान्ताची वेळ येते तेव्हा गावातली वडीलधारी माणसं शंभरेक वर्षांपूर्वीचा दाखला काढतात. मोरेशेथच्या मीखा संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या राज्यात सांगितलं होतं की सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखं नांगरलं जाईल. हिज्कीयाने त्याला मारलं का? त्याने देवाची करुणा भाकली आणि संकट टळलं. न घडलेली भविष्यवाणी त्यांनी खोटी म्हणून टाकून दिली नाही. जपून ठेवली, तोंडपाठ ठेवली, आणि वेळ आली तेव्हा दुसऱ्या संदेष्ट्याचा जीव वाचवायला वापरली.

योनाची अडचण इथे कळते. शब्द खरा ठरला नाही तर तो देवाचा नव्हे, अशी कसोटी बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आहे. चाळीस दिवस उलटले, निनवे जागच्या जागी. पण त्याचं खरं दुखणं अब्रूचं नाही. चौथ्या अध्यायात तो ते स्वतःच ओकतो: म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो, मला ठाऊक होतं की तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला देव आहेस, अरिष्ट आणायचं रद्द करणारा. बायबलमधलं देवाचं सगळ्यात गोड वर्णन इथे आरोपपत्र म्हणून वाचलं जातं.

आणि ते वर्णन योनाच्या पदरचं नाही. सोन्याच्या वासराची पूजा झाल्यावर, करारपाट्या फुटल्यावर, सीनाय पर्वतावर मोशेपुढून जाताना देवाने स्वतः उच्चारलेलं ते सूत्र आहे, बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात. त्याला दोन बाजू आहेत. मंदक्रोध, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अपराधाची क्षमा करणारा; आणि लगेच पुढे, दोषीला मुळीच मोकळं न सोडणारा, बापाच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे मागणारा. पुढचा प्रत्येक संदेष्टा आपल्याला हवा तो भाग उचलतो. टोळधाडीने शेतं फस्त झाल्यावर योएल म्हणतो, कपडे नको, काळीज फाडा. आणि सूत्राचा फक्त दयेचा भाग सांगून ‘कोण जाणे, तो माघार घेईल’ अशी पुस्ती जोडतो. निनवेवरच बोलणारा नहूम उलट करतो: मंदक्रोध खरा, पण सामर्थ्याने मोठा, आणि दोषीला न सोडणारा. शहर इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी फौजांनी खरोखर बेचिराख केलं, त्या काळाचा त्याचा आवाज आहे. योना आणि नहूम हे दोघंही एकाच धर्मग्रंथात एकमेकांपासून काही पानांवर ठेवले गेले आणि कुणी कुणाला काढून टाकलं नाही, ही संकलकांची मोठीच धिटाई. यहुदी प्रार्थनेत हे सूत्र म्हणताना तर वाक्य मधेच असं तोडलं जातं की ‘न सोडणारा’ मधला नकार बाहेर राहतो आणि ‘सोडणारा’ उरतो. व्याकरणाने हा सरळ अन्याय आहे. पण उपासाच्या दिवशी देवासमोर उभा राहिलेला वकील यापेक्षा वेगळं काय करील?

तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या कलमाशी समोरासमोर भांडला तो यहेज्केल. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये हद्दपार होऊन बाबेलात खबार कालव्याकाठी राहणाऱ्या लोकांच्या तोंडी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. यहेज्केल म्हणतो, ही म्हण आजपासून बंद. जो पाप करील तोच मरेल. आणि तो वळला तर त्याचं मागचं काही आठवलं जाणार नाही. वळला हे ओळखायचं कसं, तर तेहेतिसाव्या अध्यायात उत्तर आहे: गहाण परत केलं, लुबाडलेलं भरून दिलं. दुष्टाच्या मरणात मला काय आनंद, असं देव विचारतो. लोकांना ते आवडत नाही. परमेश्वराची रीत न्यायाची नाही, असं ते म्हणतात, आणि यहेज्केल ते जसंच्या तसं नोंदवतो. गंमत म्हणजे अठराव्या अध्यायात हा संदेष्टा ‘स्वतःला नवं हृदय करून घ्या’ असा हुकूम सोडतो आणि छत्तिसाव्यात देव म्हणतो, ‘नवं हृदय मी देईन.’ त्या दोन वाक्यांच्या मधल्या काळात शहर पडलं होतं.

योनाकडे परत येऊ. तो शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसतो, काय होतंय ते पाहायला. देव एक वेल रातोरात वाढवतो. ती एरंडाची की भोपळ्याची यावर भाष्यकार फार जुन्या काळापासून भांडत आलेत. सावली मिळते, योना खूश. पहाटे एक कीड लागते, वेल वाळते, पूर्वेचा झोंबरा वारा सुटतो, ऊन डोक्यावर येतं आणि योना मरण मागतो. मग देवाचा सवाल: जिच्यासाठी तू कष्ट केले नाहीस, जी एका रात्रीत आली आणि एका रात्रीत गेली, त्या वेलीची तुला कळकळ. आणि उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं जिथे आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरंही, त्या निनवेची मला येऊ नये? पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर नाही. या सवालात निनवेच्या पश्चात्तापाचा उल्लेखही नाही, हे फार कमी वाचकांच्या ध्यानात येतं. आधीच्या अध्यायात देवाने त्यांची कृत्यं पाहिली असं म्हटलंय खरं. पण समर्थन करायची वेळ येते तेव्हा तो उपास, गोणपाट, फर्मान, कशाचाच हवाला देत नाही. ती अजाण आहेत आणि माझी आहेत, एवढंच कारण. होशेयाच्या अकराव्या अध्यायातही तसंच. एफ्राइमला, म्हणजे इस्राएलला, चालायला मी शिकवलं, उचलून घेतलं, वाकून भरवलं; आता तुला कसा सोडून देऊ? माझं मन पालटलंय. कारण मी देव आहे, माणूस नाही. तिथे तर अजून कुणी पश्चात्ताप केलेलाही नाही.

म्हणजे माणसाकडून तुळईपर्यंतचा हिशेब मागायचा आणि स्वतः मात्र हिशेबावाचून द्यायचं, असा हा एकतर्फी व्यवहार आहे. योनाला राग येतो तो याचाच, आणि खरं सांगायचं तर लाखीशच्या त्या पाट्या पाहिलेल्या कुणालाही तो समजेल.

या पुस्तकाचं पुढे काय झालं, तर ते रोजच्या वापरात आलं. मिश्नात दुष्काळी उपासाची रीत दिली आहे: धर्मग्रंथाची पेटी गावच्या चौकात आणायची, तिच्यावर राख टाकायची, प्रमुखाच्या आणि न्यायसभेच्या अध्यक्षाच्या डोक्याला राख लावायची, बाकीच्यांनी आपापल्या डोक्याला. मग गावातला सर्वांत ज्येष्ठ माणूस उभा राहून म्हणतो: बंधूंनो, निनवेबद्दल असं लिहिलेलं नाही की देवाने त्यांचं गोणपाट पाहिलं, त्यांचा उपास पाहिला, लिहिलंय की त्यांची कृत्यं पाहिली. राख लावून झाल्यावर लगेच हे ऐकवायचं, ही योजना करणाऱ्याला माणसं चांगली ठाऊक असावीत.

तिश्री महिन्याच्या दशमीला, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, सकाळी यशयाचं ‘मला हवा असलेला उपास कोणता’ हे प्रकरण आणि तिसऱ्या प्रहरी अख्खा योना वाचतात. शेवटी मीखाची तीन वचनं जोडतात, सगळी पापं समुद्राच्या खोल पाण्यात टाकणाऱ्या देवाची. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांमध्ये या दिवसाचं जुनं मराठी नाव ‘दरफालनीचा सण’: दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास धरून घरात राहायचं, बाहेरच्यांशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) १७९६ मध्ये मांडवीत शमुवेल एजकिएल दिवेकरांनी बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून, असं परंपरा सांगते. त्याचं नाव ‘शाआर हारहमीम’, दयेचं दार. लोकांनी त्याला मशीदच म्हटलं, आणि मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावात ते राहून गेलं.

दारं लावून बसण्याआधी मात्र बाहेरचं काम उरकावं लागतं. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांना योम किप्पूर पुरतो. माणसामाणसांतल्यांना, समोरच्याची समजूत घातल्याखेरीज, पुरत नाही, असं मिश्ना सांगते. बाराव्या शतकात यहुदी धर्मशास्त्री मैमोनिदीसने याची कलमं पाडली. पाप सोडायचं, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा, झाल्याचं वाईट वाटू द्यायचं, आणि हे सगळं तोंडाने बोलून दाखवायचं. पश्चात्ताप पुरा झाला हे कधी म्हणायचं? तोच मोह, तीच संधी, अंगात तीच ताकद असताना माणूस मागे हटतो तेव्हा. म्हातारपणी दात पडल्यावर नव्हे. पैसे परत केले तरी माफी वेगळी मागायची. समोरचा ऐकत नसेल तर तीन माणसं घेऊन जायचं, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यानंतरही तो ताठ राहिला तर सोडून द्यायचं, आता पापी तो. गुरू असेल तर मात्र हजारदा जायचं. ज्याचा अपराध झाला त्यानेही सहज मनवून घ्यावं, रागाला सावकाश यावं. म्हणजे योनाने देवाच्या तोंडावर फेकलेला मंदक्रोध इथे माणसाला कलम म्हणून लावला आहे.

आणि तो माणूस वारला असेल तर? दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. पैसे देणं असतील तर वारसांना द्यायचे. वारस कोण ते ठाऊक नसेल तर रक्कम न्यायसभेकडे जमा करायची आणि कबुली द्यायची.